अण्णांचा काळा कोट आणि लेझीम

सहा डिसेंबर जवळ आला की आमच्या सांगलीच्या घरात कपाटावरची व्हायोलिनची पेटी खाली काढली जाते. पेटीवरची धूळ पुसायची, तारा सैल करून पुन्हा जुळवायच्या, गजाला राळ लावायची आणि पेटी परत जागेवर ठेवायची. हे काम माझे वडील, आमचे अण्णा, स्वतः करीत. आता मी करते. अण्णांना जाऊन बरीच वर्षे झाली. ते २००६ साली कालकथित झाले. पण अजूनही पेटी उघडली की राळेचा वास येतो आणि त्या वासाबरोबर अण्णा येतात. अंगात काळा कोट, खिशात तारखांची डायरी आणि बोटांनी मांडीवर धरलेला ताल.

अण्णा पेशाने वकील होते. आमचे मूळ गाव वाळवा तालुक्यातले. अण्णांचा जन्म झाला तेव्हा ते गाव सातारा जिल्ह्यात होते. १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० साली त्याचेच नाव सांगली झाले. अण्णा गमतीने म्हणत, "आपण जागचे हललो नाही, जिल्हाच दोनदा हलला." शाळेसाठी ते साताऱ्याला राहिले, कायदा कोल्हापूरला शिकले, पहिली काही वर्षे त्यांनी साताऱ्याच्या कोर्टात वकिली केली आणि नंतर सांगलीला बिऱ्हाड केले. त्यामुळे आमच्या घरात साताऱ्याच्या आणि सांगलीच्या आठवणी एकमेकींत मिसळलेल्या आहेत.

त्यांच्याकडे येणारे पक्षकार बहुतेक आपले समाजबांधव. कोणाची वतनाची जमीन दुसऱ्याने कसायला घेऊन दाबलेली, कोणाची पाणवठ्यावरून मारहाणीची फौजदारी, कोणाची नांदवत नाहीत म्हणून पोटगीची तक्रार. महार वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक आणले होते. ती वतने प्रत्यक्षात रद्द झाली १९५८ च्या कायद्याने, म्हणजे बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर. जमिनी नव्या शर्तीवर पुन्हा नावावर करून घ्यायच्या, तर त्यासाठी अर्ज, वंशावळ, नजराण्याची रक्कम, तलाठ्याच्या आणि प्रांताच्या कचेरीतले हेलपाटे. आमच्या माणसांना यातले काही ठाऊक नसे. अण्णा त्यांना ओसरीवर बसवून कागदावर झाडासारखी वंशावळ काढून दाखवीत. हा पणजोबा, ही त्याची मुले, हे नातू. "वंशावळीत एक माणूस चुकला तर दावा लंगडा होतो," हे त्यांचे नेहमीचे वाक्य. हे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

फी मिळाली तर मिळाली, नाही तर शेंगा, गूळ, एखादी कोंबडी. आई कुरकुर करी. त्यावर अण्णा तिला बाबासाहेबांच्या वकिलीचे दिवस सांगत. १९२३ साली मुंबई हायकोर्टात सनद घेतलेल्या बॅरिस्टराला अस्पृश्य म्हणून सॉलिसिटर काम देत नव्हते. पोट भरण्यासाठी ते व्यापारी कायद्याचे वर्ग घेत. तरी गरिबाचे काम परत लावत नसत. 'देशाचे दुश्मन' पुस्तकाच्या खटल्यात ते जेधे-जवळकरांच्या बाजूने उभे राहिले आणि १९३४ साली 'समाजस्वास्थ्य'च्या र. धों. कर्व्यांचा खटलाही त्यांनी चालवला. "आणि तुला गुळाची ढेप जड वाटते?" असे अण्णा म्हणाले की आई हसून ढेप आत नेई.

हे झाले कोर्टातले अण्णा. घरातले अण्णा वेगळे होते. संध्याकाळी कोट खुंटीला अडकवला की पहिला हात रेडिओच्या खुंटीकडे जाई. सांगलीचे आकाशवाणी केंद्र १९६३ साली सुरू झाले, त्याचा आनंद अण्णांना घरात बारसे असल्यासारखा झाला होता. औंध संस्थानच्या दरबारी गायकांचे पुत्र गजाननबुवा जोशी गातही असत आणि व्हायोलिनही वाजवीत. त्यांचे वादन लागले की घरात कोणी भांड्याचा आवाज करायचा नाही. पण अण्णांना फक्त शास्त्रोक्तच आवडे असे नाही. हलगी कडाडली, ढोलकीवर थाप पडली, वामनदादा कर्डकांच्या गाण्यांचा कार्यक्रम कुठे असला, की अण्णा सायकल काढून निघाले. मिरजेच्या ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांची समाधी आहे. त्यांच्या स्मृतीसाठी तिथे दर वर्षी गाण्याची मैफल होते. अण्णा आम्हा भावंडांना घेऊन तिथे रात्रभर बसत. आम्ही सतरंजीवर झोपून जात असू. पहाटे उठवून ते म्हणत, "आता ऐका, हा भैरव."

व्हायोलिन त्यांनी मिरजेतच घेतले. मिरज हे तंतुवाद्यांचे गाव. तिथल्या शिकलगार कारागिरांनी दीडशेहून अधिक वर्षे सतारी-तंबोरे घडवले आणि २०२४ साली तिथल्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. तिथल्या एका पक्षकाराची घरभाड्याची केस अण्णांनी चालवली होती. त्याच्याकडे फीचे पैसे नव्हते. त्याने एक जुने व्हायोलिन पुढे केले. अण्णांचा जीव त्या वाद्यावर जडला होता, पण त्यांनी ते फी म्हणून घेतले नाही. "फी सवडीने द्या. याची किंमत सांगा, मी हप्त्याने देतो," असे म्हणून त्यांनी सात-आठ महिने हप्ते भरले. त्या वेळी अण्णांचे वय चाळीशीच्या पुढे होते. शेजारी हसले. या वयात काय कूं-कूं लावली आहे, म्हणाले. अण्णांचे उत्तर तयार होते. बाबासाहेबांनीसुद्धा उतारवयातच गुरू लावून व्हायोलिनचे धडे घेतले होते.

बाबासाहेबांचे हे अंग आपल्या लोकांना थोडे कमी ठाऊक आहे. आपण त्यांना पुस्तकांत, परिषदेत, संसदेत पाहतो. पण त्यांचे बालपण गेले ते साताऱ्याच्या घरात आणि ते घर गाण्याचे होते. सुभेदार रामजीबाबा कबीरपंथी. संध्याकाळी घरात भजने, अभंग, दोहे होत आणि सगळ्या भावंडांनी तिथे बसलेच पाहिजे, असा शिरस्ता होता. बहिणी गोड आवाजात म्हणत, ही आठवण बाबासाहेबांनी स्वतः सांगितली आहे. आई भीमाबाई याच साताऱ्यात गेल्या. त्यांची समाधीही साताऱ्यातच आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी राजवाड्याजवळच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, 'भिवा रामजी आंबेडकर' या नावाने १९१४ क्रमांकाची नोंद झाली. २०१७ पासून तो दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. दिवसा शाळेत वेगळे बसायचे, तहान लागली तर कोणी वरून पाणी ओतण्याची वाट पाहायची, आणि संध्याकाळी घरी येऊन बहिणींचे गाणे ऐकायचे. ते मूल कशाच्या बळावर तगले असेल, असे अण्णा विचारीत. उत्तर मात्र आम्हालाच शोधायला सांगत.

पुढे बाबासाहेबांना संसारसुखही पुरते मिळाले नाही. चार लेकरे गेली. धाकटा राजरत्न १९२६ साली गेला तेव्हा ते किती खचले होते, हे त्यांच्या एका पत्रातून कळते. १९३५ साली रमाई गेल्या. गाण्याबजावण्याला सवड कुठली मिळणार? ती मिळाली ती पन्नाशी उलटल्यावर, तीही राज्यघटना आणि आजारपण यांच्यामधून चोरलेली. ते व्हायोलिन आज पुण्यात सेनापती बापट रस्त्यावरच्या सिंबायोसिसच्या आंबेडकर संग्रहालयात आहे. १९९८ साली मी अण्णांना तिथे घेऊन गेले होते. चष्मे, काठ्या, कपडे, ग्रंथ सगळे बघत ते व्हायोलिनपाशी आले आणि थांबले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग डोळे पुसत म्हणाले, "एवढा मोठा माणूस, आणि म्हातारपणी पुन्हा विद्यार्थी होऊन बसला!"

आता नाचाकडे येते.

दर चौदा एप्रिलला सांगलीत मिरवणूक निघे. अण्णा व्यवस्थापक मंडळात असत. पांढरा सदरा, वर काळा कोट, छातीला निळी फीत. पहिला अर्धा तास ते वकीलसाहेब म्हणून पुढे चालत. मग हलगीचा ताल बदलला, लेझीमवाल्या पोरांनी पहिला हात मारला, की अण्णांचे पाय जमिनीवर राहत नसत. ते कोट काढून आपल्या कारकुनाच्या हातात देत, कोणाची तरी लेझीम मागून घेत आणि रांगेत शिरत. उंच माणूस, पण असा वाकून आणि असा गिरकी घेऊन खेळे की बायका दारात येऊन बघत. कारकून बिचारा तो कोट दोन्ही हातांवर धरून संबंध मिरवणूक मागे चाले. दुसऱ्या दिवशी बार रूममध्ये चेष्टा होई, "काय वकीलसाहेब, काल रस्त्यावर नाचत होता म्हणे!" अण्णा म्हणत, "होय. वर्षातून एकदाच नाचतो. तुम्हीही या पुढच्या वर्षी."

अशा माणसाने मला नाचायला बंदी केली, हे कोणाला खरे वाटणार नाही. पण तसे घडले.

१९७२ सालचा जानेवारी असेल. मी सातवीत होते. शाळेचे गॅदरिंग ठरले होते आणि आमच्या वर्गाच्या कोळी नाचात बाईंनी मला पहिल्या रांगेत घेतले होते. मी घरी सांगितले तेव्हा अण्णा खूष झाले. आईला म्हणाले, "हिला हिरवी साडी काढून ठेव." रोज संध्याकाळी ते माझ्याकडून पावले करून घेत आणि मांडीवर ठेका धरीत. आणि एके दिवशी कोर्टातून आले ते तोंड उतरवून. चहा घेतला नाही, रेडिओ लावला नाही. मला हाक मारून म्हणाले, "तू गॅदरिंगमध्ये नाचायचे नाही. बाईंना उद्या सांग." मी विचारले, "का?" ते म्हणाले, "नाही म्हटले ना!" अण्णा असे कधी बोलत नसत. मी रडत आजीच्या कुशीत शिरले.

त्या दिवशी काय झाले होते, ते मला पुष्कळ वर्षांनी आईकडून कळले. कोणा ओळखीच्या माणसाने अण्णांच्या तोंडावर हसत म्हटले होते, "तुमची मुलगी नाचात आहे ना? तुमच्या पोरींना शिकवायला नको. ते तुमच्या रक्तातच असते." त्याने बहुधा कौतुकच केले असे त्याला वाटले असेल. अण्णा आयुष्यभर उलटतपासणी घेत आले, पण त्या वाक्याला त्यांना उत्तर सुचले नाही. ते तडक घरी आले आणि त्यांनी माझा नाच बंद केला.

आमच्या गावाकडच्या भागाला तमाशाचा वारसा मोठा. पठ्ठे बापूराव वाळवा तालुक्यातल्याच रेठरे हरणाक्षचे. जन्माने कुलकर्णी, पण तमाशासाठी घर सोडलेले. अण्णाभाऊ साठे त्याच तालुक्यातल्या वाटेगावचे. त्यांनी तमाशाला लोकनाट्याचे रूप देऊन कामगारांपुढे उभे केले आणि आपली 'फकिरा' कादंबरी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. सांगलीजवळच्या कवलापूरच्या काळू-बाळूंनी तर उभ्या महाराष्ट्राला हसवले. हा सगळा वारसा अभिमानाचा. पण त्याची दुसरी बाजू आपल्या घराघरांत दडवून ठेवलेली आहे. फडात नाचणाऱ्या बाया कोणाच्या होत्या? आपल्याच होत्या. मांगवाड्यातल्या, महारवाड्यातल्या, कोल्हाट्यांच्या पालातल्या. ढोलकी वाजली की गाव बघायला जमायचे आणि सकाळी त्याच बाईला पाणी वरून वाढायचे.

एक हकिकत आपल्या समाजात पिढ्यानपिढ्या सांगितली जाते. पठ्ठे बापूरावांच्या फडात पवळा नावाची नाचणारी होती. ती महार समाजातली. तिच्या नावावर तंबू भरत. चळवळीला मदत म्हणून बापूरावांनी बाबासाहेबांना खेळाच्या उत्पन्नातले पैसे देऊ केले. चळवळीला पैशाची नड तर नेहमीचीच होती. तरी बाबासाहेबांनी ते नाकारले. आमच्या समाजाच्या बाईला नाचवून मिळवलेला पैसा मला नको, हा त्यांचा मुद्दा. पुढे १६ जून १९३६ रोजी मुंबईत परळच्या दामोदर हॉलमध्ये देवदासी, मुरळ्या, जोगतिणी यांच्यापुढे बोलताना त्यांनी हे जिणे सोडा, गरिबीत राहावे लागले तरी अब्रूने राहा, असे निक्षून सांगितले. सांगली-मिरज भागातून सौंदत्तीच्या डोंगराला सोडलेल्या पोरी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ते बोलणे किती जिव्हारी लागणारे आणि किती गरजेचे होते, हे कळेल.

अण्णांना हे सर्व पाठ होते. त्यामुळे त्या संध्याकाळी त्यांना वाटले असावे, की आपण बाबासाहेबांच्याच वाटेने चाललो आहोत.

आजी निरक्षर होती. जात्यावरच्या ओव्यांशिवाय तिने दुसरे काही पाठ केले नव्हते. रात्री जेवणे झाल्यावर तिने अण्णांना हाक मारली. आजीशी बोलताना अण्णांची भाषा आपोआप वाळव्याची होई.

"का रं, पोरगीला का रडवलंस?"

"आये, तुला ठावं न्हाई. लोक काय काय बोलत्यात."

"लोक तवाबी बोलत हुते, आताबी बोलत्यात. तू मिरवणुकीत कोट काढून नाचतुयास, तवा तुला लाज वाटत न्हाई. पोरगी शाळंत नाचली तर वाटती व्हय?"

अण्णा गप्प बसले. मग आजीने जे कधीच काढले नव्हते ते काढले. अण्णांना एक आत्या होती. आजीची नणंद. दुष्काळाच्या एका वर्षी ती फडात गेली ती गेलीच. घरात तिचे नाव घ्यायचे नाही, असा आजोबांचा दंडक होता. ती मेल्याचे सांगावे आले तेव्हासुद्धा कोणी गेले नाही. मी ते प्रथमच ऐकत होते. आईसुद्धा दाराशी येऊन उभी राहिली.

आजी म्हणाली, "तुजी आत्या पोटासाठी नाचली. समूरचा माणूस म्हणंल तवा उठायचं, त्यो म्हणंल तसं वागायचं. ताप आला तरी चाळ बांधायचं. तिला 'आज न्हाई' म्हणायची सोय नव्हती. त्ये नाचनं न्हाई, ती चाकरी." मग माझ्याकडे वळून तिने विचारले, "काय गं, उंद्या तुला नगं वाटलं तर तू बाईला न्हाई म्हणशील का?"

मी म्हटले, "हो."

"बाई मारतील का? भाकरी बंद करतील का?"

"नाही."

"मग झालं तर! ज्याला न्हाई म्हणता येतंय, त्येनं खुशाल नाचावं."

अण्णा बराच वेळ खाली मान घालून बसले होते. बाहेर कुठेतरी रेडिओ चालू होता. शेवटी ते उठले, आजीच्या पायाशी बसले आणि म्हणाले, "आये, माझं चुकलं." माझ्याकडे बघून त्यांनी नुसती मान हलवली. दुसऱ्या दिवशी हिरवी साडी पुन्हा बाहेर निघाली.

गॅदरिंगच्या संध्याकाळी कोर्टाचे काम लांबल्यामुळे अण्णा उशिरा आले, काळ्या कोटातच. मंडपात मागे उभे राहून त्यांनी नाच पाहिला. ज्याने ते वाक्य म्हटले होते तोही तिथे असेल किंवा नसेल. अण्णांनी त्या दिवशी कोणाकडे पाहिले नाही. घरी येताना सायकलच्या दांडीवर मला बसवून ते म्हणाले, "दुसऱ्या कडव्यात तू अर्धी मात्रा आधी आलीस." एवढेच कौतुक. पण सबंध वाटेत ते तोच ठेका शिटीवर घालत होते.

पुढे मी मोठी झाले, शिक्षिका झाले. अण्णांशी या विषयावर पुष्कळदा बोलणे झाले. ते म्हणत, "मी बाबासाहेबांचे फक्त नकार वाचले होते. ते कशाला नकार देत होते, हे तुझ्या आजीने मला शिकवले." अण्णांचा समज असा होता, की बाबासाहेबांचा राग गाण्यानाचण्यावर नव्हता, ते आपल्या माणसांवर लादले जाण्यावर होता. नाही तर भीमराव कर्डकांसारख्यांच्या जलशांचे त्यांनी कौतुक केले नसते. त्या जलशांतही ढोलकी होती, गाणे होते, सोंग होते. पण ते सादर करणारा माणूस मालकाच्या हुकमाने उभा राहिलेला नव्हता. तो आपले दुःख आपल्या तोंडाने सांगायला उभा होता. वाद्य तेच असेल, पण वाजवणाऱ्याला मालक नव्हता. एवढा एक फरक करण्यासाठी किती माणसांचे आयुष्य खर्ची पडले!

शेवटच्या वर्षी अण्णांना पक्षाघात झाला. डावा हात गेला, म्हणजे व्हायोलिनच्या तारा दाबणे गेले. पण उजव्या हाताची बोटे गोधडीवर ठेका धरीत. माझी मुलगी तेव्हा व्हायोलिन शिकत होती. ती पलंगाजवळ बसून वाजवी आणि चुकले की अण्णांचे बोट थांबे. मग ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करी. त्या दिवसांत ते बाबासाहेबांच्या अखेरच्या रात्रीची गोष्ट पुन्हापुन्हा सांगायला लावीत. ती त्यांचे सचिव नानकचंद रत्तू यांनी सांगून ठेवली आहे. ५ डिसेंबर १९५६ ची रात्र. दिल्लीत अलीपूर रोडवरचे २६ क्रमांकाचे घर. थकलेल्या बाबासाहेबांनी बुद्धवंदनेची तबकडी लावायला सांगितली आणि तिच्याबरोबर स्वतःही गुणगुणले. नंतर कबीराचे एक पद गुणगुणत ते झोपण्याच्या खोलीकडे गेले. सकाळी ते उठले नाहीत. साताऱ्याच्या घरात वडिलांच्या भजनात बसून जो कबीर कानी पडला, तो शेवटच्या रात्री ओठांवर होता. मधल्या काळात मुंबई, न्यूयॉर्क, लंडन, महाड, नाशिक, दिल्ली, नागपूर सगळे होऊन गेले होते.

अण्णांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी भन्तेजींची वंदना आणि देशना झाल्यावर माझ्या मुलीने व्हायोलिन वाजवले. एक वडीलधारे हलक्या आवाजात म्हणाले, "अशा कार्यात वाद्य कशाला?" आई म्हणाली, "त्यांच्या घरात एक दिवस वाद्याशिवाय गेला नाही. आजचा तरी का जावा?" मग कोणी काही बोलले नाही.

त्यानंतर महिनाभराने मी त्यांच्या कागदपत्रांची कपाटे लावायला घेतली. पक्षकारांचे कागद ज्याचे त्याला परत करायचे होते. त्यात एक जुनी फाईल आमच्याच घराची निघाली, वतनाच्या जमिनीची. आजोबांच्या वेळी तलाठ्याला दिलेल्या वंशावळीची घरची नक्कल तीत होती. पणजोबांच्या नावाखाली चार रेषा, चार मुलगे. आणि त्यांच्या शेजारी निळ्या शाईने, अण्णांच्या अक्षरात, पाचवी रेषा ओढलेली होती. तिच्याखाली आत्याचे नाव, पुढे "कलावंत" असा एकच शब्द, खाली अण्णांची सही आणि तारीख. ती गॅदरिंगच्या दुसऱ्या दिवसाची होती.

अण्णांनी याबद्दल आम्हाला कधी सांगितले नाही. त्या कागदाचा कोर्टात काही उपयोग नव्हता. दावा केव्हाच निकाली निघाला होता. तरी ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांना "वंशावळीत एक माणूस चुकला तर दावा लंगडा होतो" म्हणून सांगितले, त्याने आपल्या घरची चूक दुरुस्त करून ठेवली होती. ते नाव मी इथे लिहीत नाही, ते घरचे आहे. पण आमच्या घरात आता ते नाव मोठ्याने घेतले जाते.

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्यापैकी कितीतरी घरांत असे एखादे नाव गाळलेले असेल. कोणी फडात गेलेली, कोणी देवाला सोडलेली, कोणी हलगी वाजवता वाजवता परमुलखात मेलेला. त्यांच्यावर जे लादले गेले त्याची लाज लादणाऱ्यांना वाटली पाहिजे. ती आपण का बाळगायची? या सहा डिसेंबरला अभिवादन करून आलात की घरातल्या म्हाताऱ्या माणसांजवळ जरा बसा आणि विचारा. मिळेल ते नाव वहीत लिहून ठेवा. आणि मुलीने किंवा मुलाने गायचे, वाजवायचे, नाचायचे म्हटले तर तिला आमच्या आजीचा एकच प्रश्न विचारा. तिला नाही म्हणता येते ना? येत असेल तर हिरवी साडी काढून ठेवा.

मी आता पेटी बंद करून वर ठेवते. तारा जुळल्या आहेत.